आप्पांचं दंडवत

३ जानेवारी
अक्का आली होती. आप्पा अणदूरला एकटे असतात, पडले-बिडले तर कोण बघणार, मी त्यांना कळंबला माझ्याकडं नेते, म्हणाली. मी धाराशिवला कॉलेजात मशीन लर्निंग शिकवणार आणि बाप लेकीच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील. तिला सांगितलं, कमरेला बांधायचा सेन्सर-बेल्ट बनवतोय. उठले, बसले, पडले, सगळं माझ्या मोबाइलवर. म्हणाली, पट्ट्यानं माणूस उचलता येतो व्हय? अडाणी.

१२ जानेवारी
डेटासाठी आप्पांना गादीवर पाडतोय. पडतात बरे, पण कुरकुर लई. म्हणाले, किती येळा पाडतूस रं, एकदाच काय ते पडू दे. सहकार्याची वृत्तीच नाही.

२० जानेवारी
तास चालू असताना मोबाइल कोकलला: 'पडले'. तडक बाइकनं अणदूर. आप्पा चहा पीत बसलेले. रोज अंगणात, खंडोबाच्या देवळाकडं तोंड करून साष्टांग दंडवत घालतात. बेल्टला ते पडणं वाटलं. दंडवत बंद करा म्हणालो. तर म्हणे, पट्टा सोडीन, देव न्हाय सोडणार.

२६ जानेवारी
अलार्म रोज. शेवटी डोकं लावलं. अंगणात पालथे झाले की 'दंडवत' समजायचं, असं मशीनला शिकवलं. आता निवांत.

८ फेब्रुवारी, रविवार
प्रोजेक्टचं प्रदर्शन. मोठ्या पडद्यावर आप्पांच्या बेल्टचे शब्द लाइव्ह. 'चालतात'. 'बसले'. मग 'दंडवत'. ते काही संपेना. परीक्षक मॅडम म्हणाल्या, या वयात केवढी भक्ती. मी म्हटलं, रविवार ना, खंडोबाचा वार. टाळ्या पडल्या. मध्येच अक्काचा फोन. पडद्यावर तिचं नाव यायला लागलं म्हणून कट केला. हिला वेळकाळ कधी कळलाच नाही. पहिलं बक्षीस!

रात्री
आप्पा अंगणात पाय घसरून पडले होते. खुबा मोडला. दुपारच्या उन्हात तसेच पडून. शेजारच्या सीताबाई विळा मागायला आल्या तेव्हा दिसले, त्यांनीच अक्काला कळवलं. आप्पा तोवर मला हाका मारत होते म्हणे. अक्का म्हणाली, तुझ्या पट्ट्याला कान हायत व्हय? मुद्दा बरोबर आहे. पुढच्या मॉडेलला माइक लावायचा.

१ मार्च
आप्पा कळंबला, अक्काकडं. डॉक्टर म्हणतात, आता उठणं अवघड. बेल्ट मात्र मी हट्टानं बांधून आलो. रिझल्ट अप्रतिम. 'आडवे'. 'आडवे'. 'आडवे'. एकही चूक नाही.

५ मार्च
सकाळी मोबाइलवर 'चालतात'. डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर हरले, मशीन जिंकलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कळंब गाठलं.

आप्पा खाटेवर, तसेच. बेल्ट अक्काच्या शेळीला. अक्काला झापणार, तर म्हणाली, आप्पांनीच बांधायला सांगितला. त्यांना विचारलं, का? भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, शेळी दंडवत घालत न्हाय. ती पडली तर कळंल तुला.