बाबांचं भूत

प्रिय चिमे,

आधी खाली बस, मग पुढचं वाच. आपले बाबा भूत झाले आहेत.

हसू नकोस. मी तिकीटखिडकीवर बसते त्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, म्हणजे आताच्या संग्रहालयात, हल्ली संध्याकाळी भुतांची फेरी निघते. काळा डगला घातलेला एक गाईड लोकांना तळघर, कोठड्या, जिने असं हिंडवतो आणि राईचा पर्वत करून गोष्टी सांगतो. परवा मीही सहज मागोमाग गेले. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबून तो म्हणाला, की इथे घड्याळाला चावी देणारा एक म्हातारा वरून पडून, साहेबांना शिव्याशाप देत मेला, आणि ठोके पडण्याआधी अजून त्याचं खाकरणं ऐकू येतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, दोघीतिघींना ते लगेच ऐकूही आलं.

मी मात्र ते खाकरणं लगेच ओळखलं. घड्याळाला चावी द्यायला जाताना बाबा मनोऱ्याचं दार उघडण्याआधी खाकरायचे, आतली कबुतरं एकदम अंगावर येऊ नयेत म्हणून. घरीही तीच सवय. आपण उशीखाली कादंबरी लपवेपर्यंत ते दाराबाहेर खाकरत उभे राहायचे आणि आत येऊन आपल्या अभ्यासाचं कौतुक करायचे. हा माणूस कुणाला शिव्या देईल? घड्याळ मागे पडलं तरी ते त्याची समजूत काढायचे.

गाईडला मी चांगलंच फैलावर घेतलं. बिचारा ओशाळला, गोष्ट काढूनच टाकतो म्हणाला. पण मलाच ते नको वाटलं. आई गेल्यापासून घरात बाबांचा विषय काढणारं कुणी उरलेलं नाही, आणि इथे अनोळखी माणसं त्यांची चाहूल घेत उभी राहतात. म्हणून आता मनोऱ्यापाशी मीच बोलते. ते पडले नाहीत, दवाखान्यात खाटेवर शांतपणे गेले, असं खरं ते सांगते. लोक जरा हिरमुसतात, पण ऐकून घेतात.

काल एका आजींनी विचारलं, की शेवटी काय म्हणाले ते? मी काहीतरी ठोकून दिलं. मग खिडकीशी येऊन बसले आणि रडू आवरेना.

चिमे, त्या दुपारी मी घरी आजारी आईजवळ होते आणि बाबांच्या उशाशी तू एकटी होतीस. तेव्हापासून तू मला मुलांच्या परीक्षा सांगतेस, तिकडची थंडी सांगतेस, तेवढं एक सांगत नाहीस. मीही विचारलं नाही, कारण मला भीती वाटायची. आज विचारते. फेरीतल्या लोकांसाठी नाही, माझ्यासाठी. त्यांनी माझी आठवण काढली नसेल, फक्त तुझंच नाव घेतलं असेल, तर तसंच लिही. मला वाईट वाटेल, पण ते इतकी वर्षं तू एकटीनं सांभाळलंस, याचं जास्त वाईट वाटतंय.

तुझीच,
ताई