घरात माणूस पाहिजे

रविवार, ४ डिसेंबर १९६६

पोचले एकदाची! येवल्याहून निघताना वहिनी म्हणाली होती की साठी उलटल्यावर कसला हा परमुलुख. पण पस्तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची मुलं सांभाळली, आता स्वतःच्या मुलाजवळ राहावंसं वाटलं तर काय बिघडलं? बोईसर स्टेशनवर रामकिसन उभाच होता. शर्टावर सिमेंटची धूळ, पण चेहरा हसरा. तारापूरला अणुवीज केंद्र बांधतायत, तिथे तो ओव्हरसियर आहे. क्वार्टर अजून मिळालेलं नाही, चौघांबरोबर बराकीत राहतो. म्हणून माझ्यासाठी त्याने गावाबाहेर एका वाडीत खोली घेतली आहे.

वाडी सुरेख आहे. चिकूची झाडं, मागे विहीर, वाऱ्याला खारट वास. मालकीण रत्नाबाई सत्तरीच्या, पण पाठीला बाक नाही. मुलगे मुंबईला, घरात एकट्याच. मी ओटीवर पाय ठेवताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आता घरात मानूस आला. घर बोलाया लागंल," म्हणाल्या. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. तिसरी भाकरी मी नको म्हणत असताना ताटात पडली.

रविवार, ११ डिसेंबर

रामकिसन आला होता. क्वार्टर संक्रांतीच्या सुमारास मिळणार! दोन खोल्या, नळाचं पाणी. रत्नाबाईंना सांगितलं तर त्या नारळ सोलता सोलता थांबल्या. मग हसल्या. संध्याकाळी मात्र त्या जेवल्या नाहीत. वाईट वाटलं. एका आठवड्यात माणूस इतका जीव लावतो.

बुधवार, १४ डिसेंबर

आज पडले. सकाळी विहिरीकडे जाताना मागच्या दाराच्या पायरीवरून पाय सटकला. उजवा घोटा वांग्याएवढा झाला आहे. रत्नाबाईंनी मला जवळजवळ उचलूनच आणलं, हळद-चुन्याचा लेप लावला, दिवसभर उशाशी बसून होत्या. आईनंतर माझं इतकं कोणी केलं नसेल.

पायरी बुळबुळीत होती. थोड्या वेळापूर्वी मीच ती झाडली होती, तेव्हा कोरडी होती. हाताला खोबरेल तेलाचा वास येत होता. पण केसांनाही मी तेच लावते. स्वतःलाच म्हटलं, वय झालं, चंद्रकांताबाई, पाय बघून टाका.

रविवार, १८ डिसेंबर

रामकिसनला ट्रेनिंगसाठी महिनाभर मुंबईला पाठवतायत. १५ जानेवारीला रविवारीच परत येईल आणि मला सामानासकट क्वार्टरमध्ये नेईल. माझा घोटा बघून रागावला. आई, जपून चालत जा, या वयात हाड लवकर जुळत नाही, म्हणाला. रत्नाबाईंनी त्याला सांगितलं की बाईंची नजर कमी झाली आहे, मी लक्ष ठेवते. माझी नजर चांगली आहे. पण त्याच्यासमोर कुठे वाद घालायचा?

बुधवार, २८ डिसेंबर

काठी घेऊन वाडीत हिंडले. चिकू काढायला तानी येते, वारल्यांची, चाळिशीची बाई. माझा पाय बघून तिने हातातली पाटी खाली ठेवली. मग घराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "तुमच्या आगुदर साखरबाई व्हती इतं. ती पन पडली. तीन येला पडली."

मी विचारलं, मग?

"मग नाय उठली."

साखरबाई कोणा सर्वेवाल्याची आई होती म्हणे. मी रत्नाबाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, हो, बिचारी म्हातारी होती, सारखी पडायची.

शुक्रवार, ३० डिसेंबर

तानी दोन दिवस आली नाही. रत्नाबाई म्हणतात, तिला आता येऊ नको सांगितलं, ती चोरी करते.

सोमवार, २ जानेवारी १९६७

रामकिसनचं पत्र! पंधराला सकाळी ट्रक घेऊन येतो आहे. रत्नाबाईंना अक्षरओळख नाही, म्हणून आनंदाच्या भरात मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. तारीख तेवढी दोनदा विचारली.

शुक्रवार, ६ जानेवारी

पडून लिहिते आहे. परवा दुपारी माजघरातून स्वयंपाकघरात जाताना पडले. डाव्या मांडीचं हाड मोडलं. आवाज मला ऐकू आला, वाळकी फांदी मोडावी तसा.

उंबऱ्याशी नडगीला काहीतरी लागलं होतं. ताणलेलं. काथ्याच्या दोरीसारखं. नडगीवर आडवा लाल वळ आहे, मी सारखी बघते.

हाडं बसवणारा चिंधू वैद्य आला, बांबूच्या कांबी बांधून गेला. दीड महिना हलायचं नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा येईन, म्हणाला. मी त्याला दोरीचं सांगितलं, वळ दाखवला. त्याने रत्नाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, जशी आपण लहान मुलाच्या बडबडीवर हलवतो. तो माझ्याकडे वळून मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "व्हतं आजी, ह्या वयात पडाया व्हतं."

लहान मूल पडलं तर आपण विचारतो, कोणी ढकललं? म्हातारं माणूस पडलं की कोणी काही विचारत नाही.

रविवार, ८ जानेवारी

परवा रामकिसनला लिहिलेलं पत्र रत्नाबाईंनी पेटीत टाकलं म्हणून सांगितलं. आज बंबात घालायच्या काटक्यांच्या टोपलीत त्याचा कोपरा दिसला. माझंच अक्षर. विचारण्याची हिंमत झाली नाही. त्या मला अन्न भरवतात, पाणी देतात, सगळं करतात. त्यांनी एक दिवस केलं नाही तर?

पुढच्या दाराला आतून अडसर घातलेला असतो. दिवसासुद्धा.

सोमवार, ९ जानेवारी

त्या माझे केस विंचरत होत्या. मी म्हणाले, रत्नाबाई, मला का पाडलंत?

त्यांनी नाही म्हटलं नाही. फणी चालूच ठेवली.

"दोन वरसां झाली," म्हणाल्या. "विहिरीवर पडली मी. दोन दिस तितंच. अंगाला मुंग्या लागल्या. हाका मारून गला बसला. कोन आला नाय. तवाच ठरवलं, घरात मानूस पायजे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्या मुंग्या मला दिसल्या. मग मी म्हणाले, मी जाणार नव्हते हो, रोज भेटायला आले असते.

"चालता मानूस जातो. पडलेला रेतो."

पण अशी पडून मी तुम्हाला उचलणार कशी?

"हाक तर मारशील," म्हणाल्या, आणि वेणी घालून झाली तशी माझ्या कपाळावरून हात फिरवला. जाता जाता सांगितलं की त्यांनी बाजारात एकाकडून कार्ड लिहून घेतलं. आई येवल्याला भावाकडे गेली, असं रामकिसनला कळवलं आहे.

बुधवार, ११ जानेवारी

पंधराला तो येणार नाही. सरळ येवल्याला जाईल. वहिनीला विचारेल. तिथून परत यायला किती दिवस— चार? पाच? रत्नाबाई पेज भरवतात आणि माझ्या दुसऱ्या पायाकडे बघतात. चांगल्या पायाकडे.

गुरुवार, १२ जानेवारी

सकाळी मागच्या दाराशी मोठा आवाज झाला. हंडा गडगडत गेला. मग रत्नाबाईंचा आवाज, मी कधी न ऐकलेला, बारीक.

पडल्या.

दोरी नाही, तेल नाही. नुसत्या पडल्या. ह्या वयात—

"मास्तरीणबाय, हाक मार! हाक मार गे!"

मारली. देवाशपथ मारली, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी. प्रकल्पाकडच्या यंत्रांची घरघर दिवसभर चालू असते. त्यापुढे दोन म्हाताऱ्यांचा आवाज काय—

शुक्रवार, १३ जानेवारी

उशाचं पाणी संपलं. त्या अजून हाका मारतात. माझं नाव घेतात. मग स्वतःच्या मुलांची. मग साखरबाईचं.

कोणी आलं नाही.

दुपारी. खाटेवरून खाली उतरले. उतरले कसली, पडले. शुद्ध गेली होती बहुतेक. कांबी सुटल्या नाहीत. पुढच्या दारापर्यंत सरपटत गेले. अडसर वर आहे. काठीही पोचत नाही. हातभर कमी—

उघडं आहे ते मागचं दार. तिथे त्या आहेत.

शनिवार, १४ जानेवारी

स्वयंपाकघरापर्यंत आले. रात्र इथेच काढली. वही पोटाशी खोचली आहे. कोणाला सापडली तर कळावं, मी नुसती पडले नव्हते.

त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यात आडव्या आहेत. दार अडवून. डोळे उघडे. खुबा मोडला असावा, पाय भलतीकडे वळला आहे. त्यांच्यापलीकडे अंगण, ऊन, विहीर. पाणी.

मी म्हणाले, मी रस्त्यापर्यंत जाते, माणसं आणते. तुमच्यासाठीच आणते.

"जाऊ नको," म्हणाल्या.

दुपार. ओलांडायला गेले. अर्धी बाहेर आले. हातांना अंगणाची माती लागली. तेवढ्यात त्यांनी माझा पाय धरला. मोडलेला. ओरडले, विनवलं, आईची शपथ घातली. पकड सुटत नाही. बोलत नाहीत. नुसत्या बघतात.

ऊन उतरलं. त्या थंड आहेत. नाकाशी हात धरून पाहिला. श्वास नाही. मघापासून नाही. माशा बसतायत.

बोटं सोडवते आहे. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं सुटलं. मधलं सोडवायला वाकले तर—

करंगळी पुन्हा