दिवंगत खेळाडूच्या मार्करमधील बदलास मागील तारखेने मंजुरी

प्रति,
मा. तांत्रिक तपासणी अधिकारी,
त्रिजिल्हा पेंटबॉल संघटना,
हार्लन फोर्ड, पेनसिल्व्हेनिया.

विषय : दिवंगत खेळाडू व्हर्ना कुख्ता यांच्या मार्करच्या (रंगगोळ्या सोडणाऱ्या बंदुकीच्या) गोळीपुरवठ्यात केलेल्या बदलास ८ जूनपूर्वीच्या तारखेने मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा १४ एप्रिलचा अर्ज. २) माझे २ मेचे स्मरणपत्र. ३) आपले १७ जूनचे पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारा ऑर्व्हिल कुख्ता, निवृत्त फिटर. माझी पत्नी व्हर्ना शाळेची बस चालवत असे आणि एकोणीस वर्षे दर रविवारी आपल्या मैदानावर खेळत असे. गेल्या हिवाळ्यात तिच्या हातांच्या स्नायूंचा आजार बळावला.

आपणांस ठाऊकच आहे की मार्करवर बसवलेल्या साध्या डब्यातल्या गोळ्या स्वतःच्या वजनाने नळीत उतरतात. कधी दोन-तीन गोळ्या तोंडाशी एकमेकींना अडून बसतात, तेव्हा खेळाडू मार्करला हिसका देतो. व्हर्नाच्या मनगटात तेवढे बळ उरले नव्हते. गोळी अर्धवट उतरलेली असतानाच खटका ओढला जाई, गोळी आतच फुटे आणि सगळा रंग तिच्या बाहीवर येई. "चाळीस पोरांची बस बर्फातून वळवली मी, आणि आता एक गोळी खाली उतरवता येईना," असे ती म्हणाली. ती हसत म्हणाली होती. मला हसता आले नाही.

मी दोष शोधायला बसलो. आधी वाटले, गोळ्या दमट हवेने फुगल्या असतील. मोजल्या, तर सगळ्या मापात होत्या. मग गोळीला जागेवर धरणारा रबरी खुंट बदलला, नळी सरळ आहे की नाही ते पाहिले. शेवटी झाकण उघडे ठेवून आत बघत राहिलो, तेव्हा तोंडाशी होणारी कोंडी दिसली. डब्याच्या तळाला उतार दिला आणि तोंडावर छोट्या मोटरीने फिरणारे पाते बसवले. पहिले पाते कडक निघाले. स्वयंपाकघराची भिंत पिवळी झाली, आणि व्हर्नाने ती पुसू दिली नाही. दुसरे मी तिच्या बसच्या जुन्या वायपरच्या रबरातून कापले. दोनशे गोळ्या सोडल्या, एकही फुटली नाही. या पात्याने माऱ्याचा वेग वाढत नाही. वेग बोटावर अवलंबून असतो, आणि तिचे बोट दोन सेकंदांत एकदा चाले.

७ एप्रिलला फाटकावर आपल्या तपासनिसांनी मार्कर पाहिला. ते म्हणाले, "बाई, ते पातं काढा, नाहीतर घरी जा. उद्या प्रत्येक जण हात दुखतो म्हणेल." मी पुढे झालो, तर व्हर्नाने मला थांबवले. "त्याचं कामच आहे ते," म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. तिचा संघ त्या दिवशी एक खेळाडू कमी घेऊन उतरला. लेखी मंजुरी लागते असे कळल्यावर मी आठवड्यात अर्ज केला.

त्याच आजाराने व्हर्ना ९ जूनला वारली. आपले पत्र त्यानंतर आले. त्यात खेळाडूने मार्करसह तीस दिवसांत समक्ष हजर राहावे असे म्हटले आहे. मार्कर मी हजर करू शकतो.

महोदय, आता एक गोष्ट कबूल करतो. ८ जूनला दुपारी तिने विचारले, "संघटनेचं काही आलं का?" मी म्हणालो, "आलं. मंजूर झालं." आपल्या नावाने मी खोटे बोललो. मला वाटले, ती तेवढ्यावर डोळे मिटेल. पण ती बसचालक होती, नियम पुरता वाचणारी. तिने विचारले, "अट काय घातली?" मी म्हणालो, "दर सामन्याला बॅटरी नवी घालायची." ती म्हणाली, "एवढंच ना? घालू की." त्यानंतर ती बोलली नाही.

माझी विनंती एवढीच की बदलाची तपासणी खेळाडूच्या अनुपस्थितीत करावी आणि त्यात दोष न आढळल्यास ८ जूनपूर्वीच्या तारखेने मंजुरी द्यावी. हा मार्कर घेऊन कोणीही मैदानात उतरणार नाही. नियमाप्रमाणे अट घालणे भाग असेल, तर बॅटरीचीच घालावी. खेळाडूने ती मान्य केलेली आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
ऑर्व्हिल कुख्ता
२४ जून २०१९

सोबत : बदलाचे मोजमापासह रेखाचित्र; मृत्यूच्या दाखल्याची प्रत.