मुके साप

३ जून
हा दुसरा. हासुद्धा वाजला नाही!

पाण्याच्या टाकीखाली बसला होता, अंगावर मातीचाच रंग. तोंड तेवढं बाहेर, शेपटी आत. पाय पडणारच होता माझा. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरातून खुळखुळे साप आकड्यानं उचलून डोंगराशी नेऊन सोडतोय. आधी शेपटी वाजवून बजावतात, मगच दात मारतात. इतकी सभ्यता आमच्या सोनोरा प्रांतातल्या माणसांत नाही. आणि आता हे मुके कुठून आले? पिंपात घातला, झाकण लावलं, नेऊन ओतला. झर्रकन झुडपात गेला. शेपटी बघायची राहिलीच.

५ जून
कुठेतरी पाणी मुरतंय. बायको, एदुविहेस, शेजारणीशी कुंपणापाशी कुजबुजत होती. मी वळलो तर गप्प! अख्खं गावच हल्ली हळू बोलतंय. कशाबद्दल?

६ जून
कोंबडा आळशी झालाय. आरवतच नाही.

९ जून
समजलं! शेपट्या कापतंय कुणीतरी. आणि खुळखुळा लागतो कुणाला? गिटारवाल्यांना. गिटारच्या पोटात टाकला की म्हणे सूर खुलतो. म्हणजे आमचा पुतण्या रेमिहियो. तडक गेलो त्याच्याकडे. गिटार उपडी केली, चार खुळखुळे पडले!

"काका, हे मेलेल्यांचे. जिवंत सापाची शेपटी कापायला मला काय वेड लागलंय?"

"मग माझे साप मुके कसे?"

"तुमच्याशी बोलणं टाकलं असेल त्यांनी! काकूंनी टाकलं तसं."

हसला मेला. वर खुळखुळे परत आत टाकून गाणं वाजवून दाखवलं. काय गुळमुळीत! चार खुळखुळे घालून हा सूर? चेहरा मात्र साळसूद. माझा संशय काही जात नाही.

१४ जून
जेवताना एदू तीनदा काहीतरी पुटपुटली. "काय?" विचारलं तर ताट आपटून "काही नाही!" म्हणाली. मग रागावते कशाला?

१८ जून
आज मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत एक पडलेला दिसला. लांबूनच बघत बसलो. सहा-सहा महिने उपाशी राहतो हा. पाऊस आला की अंगाचंच ताट करतो, खवल्यांवर साचलेलं पाणी चाटून पितो. नाकडोळ्यांमधल्या खळग्यांतून उंदराची ऊब कळते त्याला, काळोखातही. लोक खुळखुळ्याच्या कड्या मोजून वय सांगतात. येडे! कात टाकली की एक कडी, आणि कात वर्षातून दोनदा-तीनदा. कानाला भोकं नाहीत, म्हणून हवेतला आवाज त्याला जेमतेमच. जबडा जमिनीला टेकवून थरथरीवर जगतो. एवढ्या जपलेल्या जिवाची शेपटी कापणारा कोण हरामखोर?

जवळ जायच्या आत बिळात गेला.

२० जून
सान हुआनच्या सणाला मुलगी येणार, ओतिलिया, नातीला घेऊन. मार्सेलिना दोन वर्षांची, जिथे सावली दिसेल तिथे हात घालते. निरोप धाडला — येऊ नका. मुक्या सापांच्या अंगणात पोर नको. जीव तुटला लिहिताना. एदू माझ्याशी बोलत नाही. किंवा बोलते, पण अगदी हळू, मुद्दाम.

२२ जून
ठरलं. पुढचा सापडला की शेपटी धरायची. कापल्याची खूण दाखवायची सगळ्यांना, रेमिहियोला आधी. मग बघू कोण हसतो ते!

२४ जून
सणाचा दिवस. सरपणात होता, गजभर लांब. आकड्यानं मान दाबली, कड्यांच्या वर शेपटी धरली, उजेडात आणली.

शाबूत. नऊ कड्या. इतक्या जोरात हलत होत्या की नीट दिसेनात. मुठीत थरथर, कोपरापर्यंत मुंग्या आल्या. कानात काही नाही.

मान वळवली. पाच पावलांवर एदू उभी, तोंड वासलेलं, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. केव्हापासून ओरडत होती कुणास ठाऊक.