टी टेस्टरच्या दुधातलं जायफळ

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज ह्यांच्या दुधात जायफळ घातलं. चिमूटभरच. चोरासारखं दार लोटून घेतलं — आणि स्वयंपाकघर माझंच!

मावशीचं ऐकून केलं हे. काल फोनवर मी सहज बोलून गेले, की लेक हॉस्टेलला गेल्यापासून घरात दोन माणसं आहेत, पण जोडपं कुठे दिसत नाही. मावशी म्हणाली, "जायफळ, केशर, अंजीर, मध. आणि लसूण विसरू नकोस. लाजतेस काय, सगळ्या जगातल्या बायका नवऱ्यांना हेच घालत आल्यात." मावशी सत्तरीची आहे. काकांना काय काय घातलं आणि त्याचं पुढे काय झालं तेही सविस्तर सांगितलं. ते इथे लिहिणार नाही.

पण आमच्या घरात जायफळ म्हणजे गुन्हा. हे टी टेस्टर. कंपनीत लांब टेबलावर कप मांडतात, चमचाभर चहा सुर्रकन ओढतात, जिभेवर घोळवतात, थुंकतात, आणि तो कुठल्या मळ्यातला ते सांगतात. त्या जिभेपायी लग्न झाल्यापासून घरात कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. माझा साबणसुद्धा बिनवासाचा. जीभ कोरी ठेवायची, हा ह्यांच्या थोरल्या साहेबांचा नियम. तो पगाराबरोबर घरी आला आणि इथेच राहिला.

हे दूध प्यायले. पेला विसळून पालथा घातला. "झोपतो," म्हणाले. आणि खरंच झोपले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मावशी म्हणते, जायफळाने आधी झोप येते. हे आता सांगतेय!

रविवार, ९ फेब्रुवारी

केशर. कोमट पाण्यात चार काड्या टाकल्या आणि वाटीसमोर बसून राहिले. रंग लगेच सुटत नाही. आधी काडीच्या टोकाशी जरासा पिवळा धूर, मग तो सावकाश खाली उतरतो. दूध तापायला ठेवलंय हेही विसरले.

लग्न नवं होतं तेव्हा हे घरी आले की माझ्या मानेशी नाक नेऊन सांगायचे — "आज पोस्टात गेली होतीस. डिंकाचा वास येतोय." कधी चुकायचे नाहीत. मी मुद्दाम वाट वाकडी करायचे. सुताराच्या दारात उगाच उभी राहायचे, रद्दीवाल्याकडे जुनी मासिकं चाळत बसायचे, आणि संध्याकाळी पकडली जायची वाट बघायचे. एवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही.

ते कधी थांबलं, आठवत नाही. एका दिवशी थांबलं असतं तर भांडले तरी असते.

केशराचं दूध संपवलं. पेला विसळला. पालथा.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानात आज एक म्हातारे नवा चष्मा घ्यायला आले होते. मी नाकावर नीट बसवून दिला. ते आरशात बघेनात, बायकोकडेच बघत राहिले. ती म्हणाली, "असं काय बघताय?" तर म्हणाले, "तूच आहेस ना, खात्री करतोय." सगळं दुकान हसलं. मीही हसले. मग आत जाऊन बराच वेळ पुसलेल्याच काचा पुसल्या.

घरी येऊन अंजीर मधात भिजवले. ह्यांनी एक खाल्लं, मग दुसरं घेतलं. बोलले काही नाहीत. पण टेबलावरून लगेच उठलेही नाहीत. खिडकीतून संध्याकाळ आत येत होती, आणि दोघंही उगाच बसून होतो. मला तसं वाटलं, का खरंच तसं होतं?

सोमवार, १७ फेब्रुवारी

थोरले साहेब निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी हे, नाहीतर ह्यांच्या हाताखालचा तो उंच मुलगा. पुढच्या सोमवारी परीक्षा. नाव झाकलेले कप, ओळखायचे. हे शर्टाची बटणं काढता काढता सांगत होते, कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं. पण ह्या खुर्चीसाठी ह्यांनी सगळा जन्म अळणी काढलाय. मीही.

मी काय घालत बसलेय ह्यांना! जीभ बिघडली असली तर?

आणि दुसरी गोष्ट तर आत्ता, लिहिताना सुचली. डिंकाचा वास ओळखणाऱ्या माणसाला जायफळ कळलं नाही? केशर कळलं नाही? म्हणजे एक तर जीभ आधीच गेलीय. नाहीतर मी समोर काय ठेवते इकडे ह्यांचं लक्षच नाही. यातलं जास्त वाईट कुठलं, ते ठरवता येईना.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सगळं बंद केलं. उकडलेली भाजी, भात. हे ताटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "आज काही नाही?"

"काय नाही?"

"काही नाही," म्हणाले आणि जेवले.

रविवार, २३ फेब्रुवारी

सांगून टाकलं. उद्या परीक्षा, आज नाही सांगितलं तर कधी सांगणार! ओट्याकडे तोंड करून सांगितलं — मावशी, दूध, केशर, सगळं. का घातलं तेही सांगितलं.

मागून आवाज आला, "पहिल्या दिवशीचं जायफळ जुनं होतं. केशर छान. अंजिराचे देठ काढायला विसरलीस."

मी वळले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

वर म्हणाले, "लसूण राहिला. मावशींनी लसूण सांगितला नसेल हे शक्य नाही." स्वतः खाली जाऊन घेऊन आले. मला सोलता येईना, सवयच गेलेली. ह्यांनी सोलला. लोण्यात परतला, पावाला लावला. मी म्हटलं, "अहो, उद्या परीक्षा आहे." म्हणाले, "माहीत आहे." घरभर वास, पडद्यांना वास. किती दिवसांनी हे घर कुणाचं तरी वाटलं.

दुपारी पडदे ओढलेले, उन्हाची एकच पट्टी भिंतीवर. ह्यांनी मानेशी नाक आणलं. "बोटांना लसूण, केसांना लोणी," म्हणाले, आणि मग बराच वेळ काही म्हणालेच नाहीत. पुढचं इथे लिहिणार नाही. मावशीलाही सांगणार नाही. पट्टी भिंतीवरून कधी उतरली ते कळलं नाही.

उद्या नापास झाले तर ते माझ्यामुळे. हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मला आज वाईट वाटत नाहीये.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज निकाल लागला. हे पहिले आले. एकही कप चुकला नाही. थोरले साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, जीभ कोरी ठेवलीस त्याचं हे फळ.

मी हसत सुटले. मग हसता हसता मटकन खालीच बसले. वीस वर्षं उगाच अळणी!

हे शेजारी जमिनीवर येऊन बसले. "मलाही आजच कळलं," म्हणाले.