सहल क्रमांक तीन: एक माणूस कमी

ती. ताईंना,

आधी पाकिटातला चष्मा काढून डोळ्यांवर घाला. मग पुढे वाचा.

वरची ओळ एवढ्या मोठ्या अक्षरांत का, असं तुम्हाला वाटेल. दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्याची पहिली ओळ जेवढी असते, तेवढीच ती पट्टीने मोजून काढली आहे. तुमचा चष्मा महिनाभर माझ्याकडे दांडी बदलायला पडून होता. आता चष्म्याशिवाय तुम्ही पत्र वाचणार कशा, आणि पत्र वाचल्याशिवाय चष्मा पाकिटात आहे हे कळणार कसं, या पेचात माझे दोन दिवस गेले. (तुमची धाकटी असती तर म्हणाली असती, अहो, स्वतः जाऊन चष्मा हातात द्या, एवढं साधं आहे. साधं आहे खरं, पण तुमचं दार वाजवायची माझी छाती होत नाही.)

सविनय नमस्कार. गुडघा कसा आहे? जिन्यावरून उतरताना अजून दुखतो का? डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा तुम्ही बांधत नसणार, हे मला इथे बसून दिसतं. मी ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

नऊ दिवस झाले, तुम्ही फोन उचलत नाही. बरोबरच आहे. रविवारी भरदुपारी कोणा परक्या बाईने फोन करून सांगायचं की तुमची बहीण तलावाजवळ हरवली आहे, आणि ती बहीण जाऊन तर तीन महिने झालेले. असा फोन ज्याच्यामुळे आला, त्या माणसाशी मीही बोललो नसतो. पण तो फोन का आला, हे मला तुम्हाला सांगायचंच आहे, आणि त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल. (मी पाल्हाळ लावतो हे तुमचं मत मला लग्नापासून ठाऊक आहे. आज ऐकून घ्या.)

सहलींची कल्पना धाकटीची. तुम्ही चाळीस वर्षं लोकांना लांबचं दिसेल अशी सोय करून दिलीत, स्वतः मात्र दुकानाच्या समोरच्या भिंतीपलीकडे काही पाहिलं नाहीत, असं मला म्हणून तिने शहराजवळच्या सहा सहलींचं एक कार्ड काढलं. दोघांचं. सकाळी बसने जायचं, जुनं काहीतरी बघायचं, झाडं-पक्षी बघायचे, डबा खायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी. पहिल्या सहलीला आम्ही जुनी तटबंदी पाहिली. म्हणजे तिने पाहिली, मी संपवली. तुम्हाला तिची सवय माहीत आहे. जिथे पाटी दिसेल तिथे ही थांबणार आणि वरपासून खालपर्यंत वाचणार, खाली 'थुंकू नये' लिहिलेलं असेल तर तेसुद्धा. मी आपला पुढे जाऊन बसमध्ये जागा धरून बसायचो. परतीच्या वाटेवर ती सगळ्या पाट्या मला सांगायची आणि मी हं हं करत झोपायचो. लग्नात तुम्ही मला एकच गोष्ट बजावली होती, धाकटी हळू चालते, तिला मागे टाकू नका. ताई, मी ती चाळीस वर्षं ऐकली नाही. दवाखान्याच्या त्या सकाळीसुद्धा तिला टॅक्सीत बसवून मी पुढे नंबर लावायला पळालो. चांगला सातवा नंबर मिळाला. तो घेऊन मी खुशीत परत आलो, तेव्हा टॅक्सीवाला बाहेर उतरून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसरी सहल त्या गडबडीत बुडाली. तिसरीचा निरोप आला तेव्हा जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण रविवारी दुकान बंद, घरात काही सुचेना, म्हणून तिची कापडी पिशवी घेतली, का कोण जाणे तिची उन्हाची टोपीही घेतली आणि निघालो. बसच्या दाराशी यादी घेऊन सहलीच्या प्रमुख उभ्या होत्या. या पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना भूगोलाच्या बाई म्हणतात. माझ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, दोन ना? आणि मी म्हणालो, हो, दोन. मुद्दाम नाही हो. चाळीस वर्षं जे म्हणत आलो ते तोंडातून गेलं. मागून येतेय, असंही वर म्हणालो, कारण तेही चाळीस वर्षांचंच. आत गेल्यावर खिडकीची जागा तिची म्हणून पिशवी तिथे ठेवली आणि टोपी सीटच्या पाठीला अडकवली. बाईंनी पुढून माना मोजल्या आणि अडतीस भरल्या. (त्यांचा लांबचा नंबर वाढला आहे हे मी डोळे बारीक करून बघण्याच्या तऱ्हेवरूनच ओळखलं होतं. अडतिसावी मान ती टोपी होती.) त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण बस सुटली, शेजारी टोपी डुलत होती, आणि खरं सांगू का, मला बरं वाटत होतं.

ठिकाण म्हणजे जुना दगडी बंधारा. एके काळी सगळ्या शहराचं पाणी इथून जायचं. त्याच्यामागे तलाव, भोवती झाडी, आणि फिरायच्या वाटेवर चौदा पाट्या. मी नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे. चाळीस मिनिटांत तलावाला वळसा घालून आलो आणि डबा उघडून बसलो. सहल मात्र दीड वाजता बसपाशी परतली. या वेळी बाईंनी दाराशी उभं राहून एकेकाला हात लावून चढवलं आणि सदतीस भरले. पुन्हा मोजले, सदतीस. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, तुमच्या मिसेस कुठे आहेत?

इथे एखाद्या शहाण्या माणसाने तोंड उघडून खरं सांगितलं असतं. मी म्हणालो, पाटी वाचत असेल कुठेतरी, येईल.

मग जे सुरू झालं ते मला आवरता येईना. बाईंनी तीन तुकड्या पाडल्या. अंगावर काय आहे, विचारलं. मी सांगितलं, निळं ठिपक्यांचं, केस पांढरे, डावा पाय जरा जपून टाकते. सगळं बिनचूक सांगितलं. गंमत म्हणजे तिला पाहिलेली माणसं निघाली. एक नवरा-बायको म्हणाले, सकाळी आमच्याशी छान बोलल्या की. गळ्यात दुर्बीण अडकवलेले एक गृहस्थ तर छातीठोकपणे म्हणाले, अकरा नंबरच्या पाटीशी उभ्या होत्या, मी बगळा बघत असताना मध्ये आल्या. एवढा पक्का साक्षीदार. आणि ताई, तुम्ही हसाल किंवा रडाल, पण मी अकरा नंबरच्या पाटीकडे निघालो. नाटक म्हणून नाही. मी खरोखर बघायला निघालो. धावत निघालो. वाटेत तिला हाकही मारली. घरात मारायचो तशी नाही, चारचौघांत मारायचो तशी, जरा सभ्य आवाजात.

अकरा नंबरला कोणी नव्हतं. मी पाटी वाचली. म्हटलं, वाचून होईपर्यंत येईल. तिच्यावर या तलावावर आता न येणाऱ्या पक्ष्यांची यादी होती. मग पुढे चौदापर्यंत वाचल्या, तिथून वळून दहा, मग नऊ, असा उलटा वाचत गेलो. बंधाऱ्याची दारं उघडायला इथे एक राखणदार राहायचा, हे आठ नंबरवर. चार नंबरवरचं झाड किती जुनं ते कोणालाच ठाऊक नाही, पण ते सांगायला त्यांनी बारा ओळी घेतल्या आहेत. आयुष्यभर लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली आणि स्वतः एक पाटी कधी पुरी वाचली नव्हती. त्या दिवशी चौदाच्या चौदा वाचल्या. वाईट नाहीत हो त्या पाट्या. ती इतका वेळ का लावायची हे मला तिथे कळलं, आणि परतीच्या बसमध्ये या पाट्या मी आता कोणाला सांगणार, हेही तिथेच कळलं. मी एक नंबरच्या पाटीपाशी खाली बसलो आणि रडलो.

तोवर बाईंनी सहलीचा फॉर्म काढून तुम्हाला फोन लावला होता. 'घरी कळवायचं झाल्यास' या रकान्यात धाकटीने तुमचा नंबर घातला होता. (माझा कशाला घालेल? मी बरोबरच असणार होतो.) तिकडे तलावाच्या चौकीदाराने होडी काढली आणि गळ घेऊन दोन माणसं पाण्यात उतरवायची तयारी चालवली. ते पाहिलं आणि मी उठलो. अडतीस माणसांची सहल, म्हणजे सदतीस, सगळी बंधाऱ्यावर जमलेली, त्यांच्यासमोर जाऊन म्हणालो, पाण्यात उतरू नका, ती तीन महिन्यांपूर्वी गेली.

मला मार बसेल असं वाटलं होतं. चौकीदाराने होडी पुन्हा बांधली. भूगोलाच्या बाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, चौतीस वर्षांच्या नोकरीत माझं एक मूल हरवलं नाही, आणि तुम्ही. मग मला एखाद्या पोराला झापावं तशा झापत त्यांनी हाताला धरून बसमध्ये नेलं आणि थर्मासमधला चहा दिला. (दुर्बीणवाले गृहस्थ उतरेपर्यंत म्हणत होते, पण मी पाहिलं होतं.) टोपी मी सीटवरून काढायला गेलो तर बाई म्हणाल्या, राहू द्या.

तर ताई, असा तो फोन. यात तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. माझ्याने एक साधं वाक्य बोलवलं नाही, त्याचा त्रास तुम्हाला झाला. जिला तुम्ही आईसारखं वाढवलंत, तिला दुसऱ्यांदा हरवल्यासारखं तुम्हाला वाटलं असेल. त्याची क्षमा मागायला शब्द सापडत नाहीत, म्हणून इतके लिहिले. पट्टा बांधा.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. दांडीचा स्क्रू महिन्याभरात सैल होईल. तो केसातल्या पिनेने पिळू नका, माझ्याकडे पाठवा.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं होतं, तेवढ्यात भूगोलाच्या बाई दुकानात आल्या. डोळे तपासले, नंबर पाऊणने वाढलाय. तपासणीची फ्रेम नाकावर असतानाच त्यांनी सांगितलं, त्या दिवशी फोनवर तुम्ही काय बोललात ते. मी समजत होतो तुम्ही संतापून फोन आपटला असेल. तुम्ही म्हणालात म्हणे, नीट शोधा, पाटी वाचत उभी असेल कुठेतरी, आणि तिच्या नवऱ्याला म्हणावं, जरा थांबा तिच्यासाठी. आणि मग फोन बंद. हे ऐकून मला बाईंना दुसरी काच लावता येईना. वरची सगळी सफाई फाडून टाकावीशी वाटते, पण पुन्हा लिहायचं बळ नाही. त्या क्षणी तुमच्यासाठीही ती तिथे उभी होती. नऊ दिवस तुम्ही फोन का उचलत नाही, हे मला आत्ता समजलं.

ता. क. ३. चौथी सहल पुढच्या रविवारी आहे. जुना बाग-महाल, पाट्या बावीस. कार्ड दोघांचं आहे. तुमच्या गुडघ्याला वेळ लागेल हे मला माहीत आहे, म्हणूनच विचारतो. मी मागून चालेन. दाराशी बाई यादीवर बोट ठेवून दोन ना असं विचारतील, तेव्हा तुम्ही शेजारी असाल तर मला खोटं बोलावं लागणार नाही.