छताकडं बघायला गेलो होतो

पडेगाव, औरंगाबाद
चैत्र, शके १९३८

तीर्थस्वरूप आप्पांच्या आणि दगडा वहिनींच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या रामप्रसादचा नमस्कार. (डोकं ठेवताना मी पूर्ण शुद्धीवर आहे, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला बसला का? मागं पाठवलेलं तेल लावता का, का ते अजून फडताळातच आहे? विहिरीच्या तळाला काही ओल राहिली असंल तर कळवा. इकडं आम्ही खुशाल आहोत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही आम्ही झोपलो की येतं, बाकी काही तक्रार नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही, उचलला तर नुसतं ‘हां’ म्हणून ठेवून देता. शेवटी तुमची भावजय शीलाच म्हणाली, कागदावर लिहून पाठवा, कागद काही मधेच कट करता येत नाही. म्हणून हे पत्र.

आपल्या गावच्या कडुबानं पारावर काय काय सांगितलं ते माझ्यापर्यंत आलं. रामप्रसाद शहरातले बार एकामागून एक फिरतोय, तेही भर सकाळी. एका बारमधून तर तो अनवाणी निघाला, चपला हातात, खांद्यावर कुणाची तरी घोंगडी, आणि दोघांनी त्याला दंडाला धरलेलं. आप्पा, मी रागानं उठलो होतो की ह्याला खोटं पाडायचं, पण यातला एकही शब्द खोटा नाही. तीच तर पंचाईत आहे.

आणि त्यापायी यंदा खंडोबाच्या काठीचा मान तुम्ही चुलत्याच्या धोंडिबाला द्यायला निघालात, असं ऐकलं. आजोबांनी काठी उचलली, बाबांनी उचलली, मग इतकी वर्षं तुम्ही उचलली. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून तुम्हीच मला म्हणाला होता, रामप्रसाद, पुनवेला तू ये. काठी उचलणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही, ही आपली रीत मला माहीत नाही व्हय? शेंद्र्याच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, पगाराच्या दिवशी सगळे गाडीवर बसून कुठं जायचे ते बघितलं, पण मी कधी त्यांच्या मागं बसलो नाही. कशापायी? काठीपायी. तेव्हा झालं काय ते नीट ऐका, मग धोंडिबाला मानाचा नारळ द्यायचा का नाही ते ठरवा.

आपली श्रेया घरं सजवायचं शिकली हे तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही विचारलं होतं की सारवायला आणि रांगोळी काढायला कॉलेज कशाला लागतं. तिनं ते अजून मनात ठेवलंय.) तिला पहिलं मोठं काम मिळालं. कुणाच्या बंगल्याचं मिळंल म्हणून आम्ही देवाला साखर ठेवली होती, मिळालं उस्मानपुऱ्यातल्या एका जुन्या बारचं. मालक सुदर्शन शेठ. माणूस चांगला, पण दर चार दिवसांनी मन बदलतो. तो तिला म्हणाला, आधी शहरातले बाकीचे बार आतून बघून ये, आपला त्यांच्यापेक्षा वेगळा पाहिजे. आता पोरीनं एकटीनं बारमधे बसून छताकडं बघायचं म्हणलं, तर लोक काही छताकडं बघत नाहीत. म्हणून सोबतीला बाप. मी कारखान्यातून रजा काढली. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं ‘मुलीचं काम’, तर साहेबांना वाटलं सोयरीक, म्हणाले, पेढे कधी?

खरं सांगू का आप्पा, पहिल्या दिवशी मी देवाचं नाव घेत आत शिरलो आणि तिसऱ्या दिवशी मीच पोरीच्या आधी तयार होऊन बसलो. माणसाला काय काय सुचतं हे बघायला मला लई मजा यायला लागली. सकाळी अकराच्या सुमाराला बारमधे कुणी नसतं. फरशी पुसून झालेली असते, खुर्च्या टेबलांवर उलट्या, आणि गल्ल्यावरच्या देवापुढं उदबत्ती. मी आधी देवाला हात जोडायचो, मग एक सोडा मागवायचो. (नुसता सोडा. त्यात लिंबू सुद्धा नाही, कारण गढूळ दिसलं की कडुबासारख्याला पुरतं.) श्रेया फीत घेऊन भिंती मोजायची आणि मी वर बघत बसायचो. वर बघून मान अवघडली, म्हणून एकदा मालिशवाल्याकडं गेलो, तर त्यानं विचारलं, काका, पडला कुठं?

जुने बार कसे होते तर अंधारे. प्लायवूडची खोपटी, प्रत्येकाला पडदा, आत लाल दिवा, तोही असा की समोरच्याचं नाक दिसावं पण माणूस ओळखू येऊ नये. एका कोपऱ्यात काचेची पेटी आणि तिच्यात मासे. मी तिथल्या म्हाताऱ्या वेटरला विचारलं, मासे कशाला? तो म्हणाला, एकटं आलेल्या माणसाला बघायला काहीतरी लागतं. मला ते पटलं. मग आले चकाकीचे बार. सगळीकडं आरसे, गुळगुळीत दगड, छताला प्लास्टरचे गोल गोल थर, लग्नातल्या केकसारखे, आणि मधे धबधबा. आता या दुष्काळात धबधबा! मी वेटरला म्हणलं, बंद का नाही ठेवत? तर म्हणाला, बंद केला की गिऱ्हाईकाला तहान लागल्यासारखं होत नाही. यावर मी दोन दिवस विचार केला, अजून कळलं नाही. तुम्हाला कळलं तर लिहा.

त्याच्यापुढचे बार म्हणजे गावाकडचे. म्हणजे शहरातच, पण आत गाव. भिंतीला बैलगाडीची चाकं, छताला सुपं टांगलेली, कंदिलात विजेचा दिवा, आणि वेटरांना फेटे. फेटे असे बांधलेले की बांधणाऱ्यानं वेटरवर काहीतरी राग काढलेला दिसत होता. मी आपला कौतुकानं बघत दारात गेलो आणि पायाखाली बघतो तर काय, उंबऱ्यात घोंगडी अंथरलेली! काळीभोर, खरी, हातमागाची. तिच्यावर बूट पुसून लोक आत चाललेले. आप्पा, माझा पाय उचलंना. आपल्यात लेकराला देखील घोंगडीवर चप्पल घालून पाय ठेवू देत नाहीत, देवाचं आसन ते. मी तिथल्या तिथं चपला काढून हातात घेतल्या, खाली वाकलो, घोंगडी उचलली, झटकली, घडी घातली आणि खांद्यावर टाकली. कुठं टांगायची ते विचारायला मॅनेजरला शोधायला निघालो. तोवर दोघा फेटेवाल्यांनी मला दंडाला धरलं, त्यांना वाटलं चोर. मी त्यांना रीत समजावून सांगत होतो, ते मला धरून बाहेर आणत होते, श्रेया मागून फीत घेऊन पळत होती, आणि रस्त्यावर, शेजारच्या त्या धबधब्याच्या बारपुढं, पाण्याचा टँकर उभा होता. टँकरच्या खिडकीत कोण? कडुबा. मी त्याला बघून हात हलवला. (हात हलवायला नको होता. हातात चपला होत्या.) शेवटी मॅनेजर आला, श्रेयानं सगळं सांगितलं, आणि त्यानं घोंगडी भिंतीवर लावायचं कबूल केलं. पण तोवर टँकर गेला होता.

आता सगळ्यात नवी तऱ्हा ऐका, तुम्हाला हसू आलं तर आवरू नका. या बारला कारखान्यासारखं करतात. भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या, छताला लोखंडी पाइप, पाइपांना लाल काळा रंग, आणि पिंजऱ्यातले दिवे. मी बसलो आणि शपथेवर सांगतो, सवयीनं हजेरी लावायचं यंत्र शोधायला लागलो. शेंद्र्याची पोरं दिवसभर पाइपाखाली उभी राहतात आणि सुटली की पुन्हा पाइपाखाली येऊन बसतात, आणि हौसेनं! वेटरला विचारलं, या पाइपांतून काय जातं? म्हणाला, काही नाही, रिकामे आहेत. आमच्या पडेगावच्या पाइपांचं पण तेच आहे, पण आमचे बघायला कुणी येत नाही.

मला यातनं एक कळलं ते सांगतो. पूर्वीचा बार माणसाला लपवायला बांधलेला होता. दुःख असो नाहीतर लाज असो, पडदा ओढला की संपलं. आता पुढची अख्खी भिंत काचेची, आत बसलेला रस्त्यावरून दिसतो आणि तो वर स्वतःचे फोटो काढून गावाला दाखवतो. पडदे गेले, मासे गेले, अंधार गेला. गल्ल्यावरचा देव तेवढा जिथल्या तिथं आहे. (कारखान्याच्या तऱ्हेच्या बारमधे त्याला कपाटात ठेवलाय, पण कपाटातनं उदबत्तीचा धूर येतो.) श्रेयाला मी हे बोललो तर तिनं फीत गुंडाळली. मग म्हणाली, “बाबा, मी सगळीकडं काच नाही लावणार. एक कोपरा अंधाराचा ठेवते. कुणाला तरी लागंल.” शेठ दोन दिवस नाही म्हणाला, तिसऱ्या दिवशी ही कल्पना त्याचीच होती.

मग जुना बार फोडायला घेतला. फोडताना मजा बघा, छताच्या वर छत निघालं. खालचं काळं, त्याच्या वर आरशाचं, त्याच्या वर प्लास्टरचं. दर वेळी आधीचं न काढता खालून नवं ठोकलेलं. त्यामुळं बार वरून खाली येत येत इतका बुटका झाला होता की उंच माणसाला वाकूनच प्यावं लागत असणार. सगळ्यात वर, जुन्या खोपट्यांच्या डोक्यावर एक फळी निघाली. गिऱ्हाइकं विसरून गेलेल्या वस्तू त्या काळी तिथं ठेवत. छत्र्या, एक जेवणाचा डबा, चष्मे, असं काय काय. ते असो.

तर आप्पा, मी बारमधे गेलो हे खरं, अनवाणी निघालो हे खरं, पण थेंबाला शिवलो नाही. म्हणाल तर देवळात येऊन सगळ्यांसमोर बेलभंडारा उचलतो. धोंडिबा चांगला माणूस आहे, पण काठी आपल्या घरची आहे आणि मला ती तुमच्या हातून घ्यायची आहे. बाबा गेल्यापासून मी तुमच्याकडं दुसरं काही मागितलं नाही. वहिनींना नमस्कार, लेकरांना पापा, गुडघ्यांना तेल.

तुमचा धाकटा,
रामप्रसाद

ता. क. कडुबानं मला बारच्या दारात बघितलं, मग तो तिथं काय करत होता हे पारावर कुणी विचारलं का? आपल्या शिवारातल्या बोअरचं पाणी तो टँकरनं आणतो आणि त्या धबधब्यात ओततो. मी गावात कुणाला बोललो नाही. तुम्ही पण त्याच्यावर ओरडू नका, त्याची लेकरं त्या टँकरवरच जगतात. फक्त पारावर तो माझं नाव काढंल तेव्हा त्याला धबधबा कसा चाललाय एवढं विचारा.

आणखी ता. क. त्या फळीवर एक घोंगडी पण निघाली. शेठ म्हणाला भिंतीवर लावू. मी झटकली आणि काठ बघितला, तर कोपऱ्यात लाल लोकरीचा टाका, दुहेरी कापासारखा, ओळखीसाठी आपल्या मेंढरांच्या कानाला असायचा तसा. आईच्या हातचा. माळेगावच्या जत्रेत चोरीला गेली म्हणून तुम्ही सांगितलं होतं तीच. दुसऱ्या टोकाला गाठ होती. ती सोडली तर आत आपल्या पुढारी मेंढ्याच्या गळ्यातली घंटी. शेठ म्हणतो ती फळी झाकणारं प्लास्टरचं छत त्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी मारलं. म्हणजे त्या दुष्काळात ज्या दिवशी तुम्ही सगळी मेंढरं विकायला शहरात आणली होती, त्या दिवसाचीच ती असणार. त्या दिवशी मी तुमच्यासोबत यायला पाहिजे होतं, आप्पा. मी तिथं उभ्या उभ्या रडलो, शेठला वाटलं धूळ गेली. आई शेवटपर्यंत म्हणायची ना, ज्यानं नेली त्याला पण थंडी वाजत असंल.

आता शेवटचं. घोंगडी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे, घंटीला तेल दिलं आहे. पुनवेला मी दोन्ही घेऊन येतो. काठी मी उचलीन, घोंगडी तुमच्या खांद्यावर असू द्या. वहिनींनी विचारलं तर चोर सापडला म्हणून सांगू. इकडं शीलानं विचारलं होतं की आप्पांची घोंगडी बारमधे कशी आली, तिला मी सांगितलं, ते पण छताकडं बघायला गेले असतील.